मोबाइलवरचा इतिहास आणि माझी एक चूक

(अहिल्याबाई होळकर जयंतीनिमित्त मंडळाच्या सभागृहात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि गेली बावीस वर्षे राज्य शासनाच्या नोकरीत उपयंत्री आहे. रस्ते, पुलिया, शाळांच्या खोल्या यांची मापे घ्यायची आणि बिले तयार करायची, हे माझे काम. मंडळाने भाषणासाठी विचारले तेव्हा मी म्हटले, "अहो, विद्यापीठातल्या कुणाला तरी बोलवा." त्यावर आपले सचिव म्हणाले, "विद्यापीठातले लोक चूक कशी टाळावी ते सांगतील. तुम्ही केलेली चूक तुम्हीच सांगा." त्यांचे म्हणणे पटले, म्हणून इथे उभा आहे.

चूक अशी. मागच्या गणेशोत्सवात आपण सहावी ते नववीच्या मुलांसाठी प्रश्नमंजूषा ठेवली होती. अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीचे वर्ष होते, म्हणून पंचवीसपैकी दहा प्रश्न त्यांच्यावर होते. प्रश्न मी काढले, उत्तरांची यादी मी केली आणि पेपरही मीच तपासले. त्यातला एक प्रश्न होता, अहिल्याबाईंचे चिरंजीव मालेराव यांचा मृत्यू कसा झाला? माझ्या यादीतले उत्तर होते, रथाखाली वासरू चिरडल्याबद्दल अहिल्याबाईंनी त्यांना तीच शिक्षा दिली. एका मुलीने लिहिले होते, "आजारपणामुळे." मी फुली मारली. त्या एका गुणाने तिचा पहिला नंबर गेला.

बक्षीस समारंभानंतर ती माझ्याकडे आली. "काका, माझे उत्तर का चूक?" मी म्हटले, "बेटा, नेटवर सगळीकडे हेच आहे." ती म्हणाली, "आजोबांच्या पुस्तकात तसे नाही." आरतीची घाई होती. मी म्हटले, "नंतर बघू." आणि नंतर मी काही बघितले नाही.

दिवाळी झाल्यावर तिचे आजोबा घरी आले. वाद नाही, तक्रार नाही. चहा घेतला, पिशवीतून एक जुने पुस्तक काढले, त्यात कागदाची खूण घातलेली होती. म्हणाले, "सवडीने वाचा." आणि गेले. त्या रात्री मी वाचायला बसलो, आणि पुढचे तीन महिने माझा प्रत्येक रविवार त्यातच गेला.

आता ती गोष्ट इंदूरच्या माणसाला सांगायची गरज नाही. आपल्या आडा बाजाराचे नावच त्या गोष्टीशी जोडतात. मालेरावांचा रथ जात होता, वासरू चाकाखाली आले, गाय तिथेच बसून राहिली. अहिल्याबाईंना कळले. त्यांनी सुनेला विचारले, आईसमोर तिच्या लेकराचा जीव घेणाऱ्याला काय शिक्षा? मग मालेरावांचे हातपाय बांधून रस्त्यात टाकले आणि रथ हाकायला कुणी तयार होईना, तेव्हा अहिल्याबाई स्वतः रथात बसल्या. ती गाय रथाच्या आड आली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा आड आली. म्हणून तो आडा बाजार. मीही ही गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकली आहे.

जरा लक्ष द्या. आजीच्या गोष्टीत गाय आड येते, म्हणजे मालेराव वाचतात. माझ्या उत्तरात ते मेले होते. मोबाइलवर काही ठिकाणी ते वाचतात, काही ठिकाणी मरतात, काही ठिकाणी हत्तीच्या पायाखाली जातात. घटना एक, निकाल तीन. साइटवर एकाच भिंतीची तीन मापे आली, तर मी बिल पुढे पाठवीन का? इथे मात्र मी पाठवले होते, कारण बिलाचे पैसे माझे जाणार नव्हते, एका मुलीचा नंबर जाणार होता.

मग मी कार्यालयात करतो तशी तपासणी करायला बसलो. त्यात जे शिकलो ते चार मुद्द्यांत सांगतो.

पहिला मुद्दा मोजणीचा. उत्तराची यादी करताना मी अकरा ठिकाणी पाहिले होते. अकरा ठिकाणी तेच, म्हणजे खरे, असे धरून चाललो. आता ती अकरा पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली. सात ठिकाणी वाक्येच्या वाक्ये तीच. एक शुद्धलेखनाची चूकसुद्धा सातही जागी तशीच. ते सात साक्षीदार नव्हते, एकाच कागदाच्या सात झेरॉक्स होत्या. उरलेल्या चारांनी गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली होती, पण आपण हे कुठून घेतले हे एकानेही लिहिले नव्हते. एकाच मापाची अकरा बाबूंनी नक्कल केली, तरी माप एकदाच घेतलेले असते.

स्वतंत्र साक्षीदार म्हणजे काय, याचे चांगले उदाहरण शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे आहे. नंतरच्या काळातल्या बखरींवरून बरीच वर्षे शके १५४९, म्हणजे १६२७ हे साल सांगितले जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी निघाली. कवींद्र परमानंद हा महाराजांच्याच काळातला कवी, त्याच्या शिवभारतात तीच तिथी. पुढे राजस्थानात सापडलेल्या जुन्या कुंडलीशीही तीच तिथी जुळली. एक मावळातल्या देशमुखांच्या घरातली नोंद, एक संस्कृत काव्य, एक दूरच्या ज्योतिषाची वही. यांनी एकमेकांची नक्कल केली असेल असे म्हणायला जागा नाही. असे तिघे एक बोलतात, तेव्हा वजन येते. आपल्याकडे ज्या टिळकांचे नाव गणेशोत्सवामुळे रोज घेतले जाते, त्यांनी आधीची समजूत बाजूला ठेवून नवा कागद लोकांसमोर ठेवला, हेही मुलांनी लक्षात ठेवावे.

जाता जाता एक उपयोगी गोष्ट. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण पौष ते फाल्गुन या महिन्यांत बहुतेक वेळा ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते. म्हणून शके १५५१ चा फाल्गुन १६३० मध्ये येतो, १६२९ मध्ये नाही. नेटवर एका वर्षाचे अंतर दिसले, तर पुष्कळदा भांडण इतिहासाचे नसते, बेरजेचे असते.

दुसरा मुद्दा तारखांचा. अहिल्याबाईंचे पती खंडेराव मार्च १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेले. सासरे मल्हारराव २० मे १७६६ रोजी आलमपूरला वारले. मग गादीवर कोण आले? नातू मालेराव. ते १७६७ मध्ये वारले, वर्षभरही गादी लाभली नाही. त्यानंतर कारभार अहिल्याबाईंच्या हाती आला आणि महेश्वरहून त्यांनी तो १७९५ पर्यंत चालवला. आता गोष्टीत काय आहे? अहिल्याबाई राज्यकर्त्या, न्यायासनावर, आणि मालेराव त्यांचा उनाड राजपुत्र. पण मालेराव गेले तेव्हा दौलतीचे धनी तेच होते. अहिल्याबाई राज्यकर्त्या झाल्या त्या मुलगा गेल्यावर. चार तारखा एका कागदावर खाली खाली लिहिल्या की गोष्टीला तडा दिसतो. त्यासाठी पीएच.डी. लागत नाही, पेन्सिल लागते.

हीच पेन्सिल दुसरीकडेही चालते. मेकॉलेच्या नावाचा एक मजकूर आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर येऊन गेला आहे. भारतभर फिरलो, एक भिकारी दिसला नाही, आता या लोकांचा कणा मोडला पाहिजे, अशा अर्थाचा. खाली लिहिलेले असते, ब्रिटिश संसदेतील भाषण, २ फेब्रुवारी १८३५. मेकॉले १८३४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १८३८ मध्ये परत गेला. त्या तारखेला तो कलकत्त्यात होता. लंडनच्या संसदेत भाषण कसे करणार? गंमत अशी की त्याच तारखेचे त्याचे शिक्षणावरचे टिपण खरे आहे. त्यात आपल्या विद्येबद्दल त्याने जे तुच्छतेने लिहिले आहे, ते वाचून राग यायला पुरेसे आहे. खरा कागद हाताशी असताना खोट्याची गरज काय? खोटा पकडला गेला की खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

अहिल्याबाईंचा "दुर्मीळ फोटो" म्हणून एक चित्र फिरते, त्याबद्दल इतकेच सांगतो. फोटोची विद्या जगापुढे आली १८३९ मध्ये. पुढचे तुम्हीच समजा.

तिसरा मुद्दा जवळिकीचा. आमच्या खात्यात मेजरमेंट बुक नावाचे पुस्तक असते, आम्ही त्याला एम.बी. म्हणतो. जागेवर उभे राहून, ज्याने टेप धरली त्याने, त्याच दिवशी त्यात आकडा लिहायचा. बिल, नस्ती, अहवाल सगळे त्यावरून होते. वाद झाला की साहेब अहवाल मागत नाहीत, म्हणतात, एम.बी. आणा. इतिहासातही तेच विचारायचे. हे लिहिणारा त्या घटनेपासून किती वर्षे आणि किती कोस दूर होता? त्याने स्वतः पाहिले, पाहणाऱ्याला विचारले, की वाचलेले वाचून लिहिले?

आजोबांनी ठेवलेल्या पुस्तकात खूण होती तिथे जॉन माल्कमचा हवाला होता. माल्कम इंग्रज सरकारचा अधिकारी. १८१८ नंतर माळव्याचा बंदोबस्त त्याच्याकडे होता, आणि मध्य हिंदुस्थानावरचा त्याचा ग्रंथ १८२३ मध्ये निघाला. म्हणजे अहिल्याबाई जाऊन अठ्ठावीसच वर्षे झाली होती. त्यांना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती आणि त्याने त्यांना विचारले. मूळ इंग्रजी ग्रंथ स्कॅन होऊन नेटवर फुकट उपलब्ध आहे. मी तो उतरवून घेतला आणि शब्दकोश शेजारी ठेवून ती पाने वाचली.

त्याने लिहिले आहे ते थोडक्यात असे. मालेरावांचे मन स्थिर नव्हते. संशयावरून त्यांच्या हातून एका निरपराध कशिदाकाराचा जीव गेला. पुढे तो निरपराध होता हे कळले, आणि पश्चात्तापाने त्यांचे वेड बळावले. त्या मेलेल्या माणसाच्या पिशाच्चाने धरले आहे, असे लोक समजू लागले. अहिल्याबाईंचाही तसाच समज होता. त्या रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून रडत, आणि त्या पिशाच्चाशी बोलून त्याची विनवणी करीत. मुलगा वाचला नाही. आणि पुढे माल्कम स्पष्ट लिहितो की अहिल्याबाईंनीच मुलाचा अंत घडवला अशी समजूत दूरच्या प्रांतांत आहे, काही युरोपियन लेखकांनीही ती उचलली आहे, पण सगळा पुरावा त्यांना निर्दोष ठरवतो.

म्हणजे पाहा, ही अफवा दोनशे वर्षांपूर्वीही होती. मोबाइल नव्हता, तरी होती. आणि दूरच्या प्रांतांत होती. ज्यांनी बाईंना पाहिले होते, ते तसे सांगत नव्हते.

माल्कम म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. तो परक्या सरकारचा माणूस होता, त्याचे हितसंबंध होते. म्हणून त्याच्या शेजारी आपले कागद ठेवायचे. वा. वा. ठाकुरांनी संपादित केलेली होळकरशाहीच्या इतिहासाची साधने आहेत, महेश्वर दरबारची बातमीपत्रे आहेत. बडोद्याच्या गायकवाडांच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या गोविंद सखाराम सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापून ठेवले आहेत. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली. यातले पुष्कळ आज स्कॅन होऊन घरबसल्या मिळते. इंटरनेट वाईट आहे असे मी म्हणतच नाही. आमच्या आजोबांना जे पुस्तक पाहायला पुण्याला जावे लागले असते, ते मी पलंगावर बसून पाहिले. फक्त छापील पानाचा फोटो आणि कुणीतरी टाइप केलेला मजकूर, यांत फरक करा. पानाच्या फोटोत पुस्तकाचे नाव, साल, पृष्ठ दिसते. टाइप केलेल्या मजकुरात फक्त आत्मविश्वास दिसतो.

विकिपीडियाबद्दल मुले नेहमी विचारतात. वाचा, जरूर वाचा, पण सुरुवात तळापासून करा. खाली संदर्भ असतात ते पाहा. वाक्यापुढे संदर्भाचा आकडा नसेल तर ते वाक्य उधारीवर आहे असे समजा. आणि एआयला विचारलेत, तर ते उत्तर गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसाचे आहे असे समजा. मी त्याला मालेरावांबद्दल विचारले, त्याने एका पुस्तकाचे नाव, लेखक, पानसुद्धा सांगितले. ते पुस्तक मला कुठल्याच ग्रंथालयाच्या यादीत मिळाले नाही. पुन्हा विचारले तर माफी मागून दुसऱ्या पुस्तकाचे नाव सांगितले.

चौथा मुद्दा जरा नाजूक आहे. गोष्ट आपल्याला आवडते का, हे स्वतःला विचारायचे. जी गोष्ट फार आवडते ती आपण तपासत नाही. माझ्याच घरातले सांगतो. आमच्या आडनावाच्या एका पानावर मला वाचायला मिळाले की आमचे पूर्वज पानिपतावर लढले. माझी छाती फुगली. ते कुणी लिहिले याचा शोध घेतला, तर आमच्याच चुलत भावाने लिहिले होते. त्याला विचारले, तुला कुणी सांगितले? तो म्हणाला, "तुझ्या बाबांनी, एका लग्नात." आमच्या घरातली जेवणानंतरची गप्प जग फिरून पुरावा होऊन आमच्याच घरी परत आली होती. पूर्वज लढलेही असतील. पण कागद मिळेपर्यंत मी आता "असे ऐकले आहे" म्हणतो.

मग आडा बाजाराच्या गोष्टीचे काय करायचे? फेकून द्यायची? नाही. शोधताना मला आणखी एक गोष्ट सापडली. तमिळनाडूत मनुनीती चोळ राजाची कथा सांगतात. राजपुत्राच्या रथाखाली वासरू आले, गायीने न्यायाची घंटा वाजवली, आणि राजाने मुलाला त्याच चाकाखाली शिक्षा दिली. श्रीलंकेच्या महावंश या ग्रंथातही एळार या चोळ राजाबद्दल हीच कथा आहे, आणि तो ग्रंथ अहिल्याबाईंपेक्षा हजाराहून अधिक वर्षे जुना आहे. म्हणजे न्यायी राजाबद्दल आपल्या देशात सांगितली जाणारी ही एक जुनी कथा आहे. माळव्यातल्या लोकांना अहिल्याबाई इतक्या न्यायी वाटल्या की त्यांनी ती त्यांना अर्पण केली. ही काही लहान गोष्ट नाही. आजीने ती नातवाला जरूर सांगावी. फक्त "लोक असे सांगतात" म्हणून सांगावी, आणि उत्तरपत्रिकेत लिहू नये.

आणि मला विचाराल, तर खरी हकिकत गोष्टीपेक्षा जास्त भिडते. नवरा गेला, सासरा गेला, एकुलता मुलगा डोळ्यांदेखत भ्रमिष्ट होतो आहे आणि आई त्याच्या उशाशी बसून अदृश्य पिशाच्चाची मनधरणी करते आहे. तो जातो. आणि तीच बाई उठून पुढची अठ्ठावीस वर्षे लोकांची गाऱ्हाणी ऐकते. अशा आईवर मुलाच्या हत्येचा आळ आपण तिचे कौतुक म्हणून लावतो आहोत, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. ते एका आठवीतल्या मुलीच्या ध्यानात आले.

एक विनंती करतो आणि संपवतो. आपल्यापैकी बऱ्याच घरांत पेटाऱ्यात, माळ्यावर मोडी कागद आहेत. पणजोबांच्या सनदा, हिशेबाच्या वह्या, पत्रे. गेल्या पावसात एका घरातल्या कागदांचा वाळवीने भुगा केलेला मी पाहिला. फोटो काढून ठेवा. फोटो काढताना पूर्ण पान येऊ द्या, मागची बाजूही घ्या, आणि शेजारी चिठ्ठी ठेवा, कुणाच्या घरातला कागद, कधी फोटो काढला. मोडी वाचता आली नाही तरी चालेल, वाचणारा पुढे भेटेल. पण नाव-गाव नसलेला फोटो पुढे फिरला, की तोही उद्याची अफवा होतो.

आमच्या एम.बी.चा एक नियम आहे. चूक झाली तर आकडा खरवडायचा नाही, वर गिरवायचे नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, ती वाचता आली पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. मागच्या वर्षीचा तो पेपर मी मंडळाच्या कपाटातून काढून आणला आहे. प्रश्न सतरा. माझ्या फुलीवर रेघ मारली आहे, शेजारी एक गुण दिला आहे आणि खाली माझी सही, आजची तारीख आहे. मागच्या वर्षी ज्या मुलाला पहिले बक्षीस मिळाले, त्याचे बक्षीस त्याच्याकडेच राहील, त्याची यात काही चूक नाही. त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काका, तिला पण द्या ना." कार्यकारिणीने ते मान्य केले आहे.

त्या मुलीचे नाव मी घेत नाही, ती तिसऱ्या रांगेत आजोबांशेजारी बसली आहे आणि लाजते आहे. बेटा, तुझा पेपर आणि तुझे बक्षीस घ्यायला वर ये. आणि आजोबा, तुमचे पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. आणखी एक महिना ठेवतो.

नमस्कार. गणपती बाप्पा मोरया!